शेवटच्या मोरीवरची टोपली

सुनंदा गायकवाडशी कोण किती गोड बोललं हे तिच्या लक्षात राहायचं नाही. कोण खोटं बोललं, कधी बोललं आणि तेव्हा त्याने कोणता शर्ट घातला होता, हे मात्र ती दहा वर्षांनीही सांगायची. डूख धरणं वाईट, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मलाही शिकवलं होतं. सुनंदाबरोबर सहा वर्षं काम केल्यावर मी ते शिक्षण परत करून टाकलं.

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर, एका मेडिकलच्या वर, मोहितेसरांचं सॉफ्टवेअरचं दुकान होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तालुक्यात कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला बाहेर काढून आत यायचे. मी वाशिंदहून यायचो, मशीन जोडायचो, केबल ओढायचो. सुनंदा किन्हवलीच्या बसने यायची. ती लागली टायपिस्ट म्हणून, पण वर्षभरात प्रोग्रॅम लिहायला लागली. अंगाने काटक, बोलायला कमी, डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. पर्समध्ये एक निळी प्लास्टिकची फाइल असायची. ती फाइल ती टेबलावर कधी ठेवायची नाही, मांडीवर ठेवून काम करायची. मी विचारलं तर म्हणायची, "औषध हाय त्यात. टायमाला घ्यायचं."

तिची एक खोड दुकानात प्रसिद्ध होती. कुणीही नवा प्रोग्रॅम दाखवायला बसला की ती मागून जायची आणि मशीनची तार उपटायची. प्रोग्रॅम चालू, माणूस बटण दाबतोय, आणि मधेच दोन मशीनना जोडणारी केबल हिच्या हातात. मग स्क्रीनकडे बघत उभी राहायची. "चालतंय तवा सगळेच शाणे," ती म्हणायची. "तुटल्यावर काय बोलतंय ते बघायचं." माझ्या लग्नाचं ठरलं तेव्हाही तिने हेच विचारलं, मुलगी भांडताना बघितली आहेस का. नव्हती बघितली. पुढे बघायला मिळाली.

आता मोहितेसरांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सुनंदा समजत नाही. माणूस टापटीप. इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं, आणि तोंडात एकच वाक्य: "आमच्या प्रोग्रॅमला एररच येत नाही." हे वाक्य त्यांनी कार्डावर छापून घेतलं होतं. आठ गिऱ्हाइकं होती, कारखाने, दवाखाने, एक शाळा, आणि सगळीकडे हेच वाक्य. गंमत म्हणजे ते खरं होतं. एरर खरंच यायची नाही.

का यायची नाही, हे मला सुनंदाने एका दुपारी दाखवलं. त्या वेळच्या भाषेत एक ओळ लिहिता यायची. तिचा अर्थ असा, की चूक झाली तरी थांबू नकोस, काही बोलू नकोस, पुढची ओळ घे. सरांनी ही ओळ प्रत्येक बटणामागे लिहिली होती. म्हणजे असं व्हायचं: माणसाने 'सेव्ह' दाबलं. प्रोग्रॅम नोंद ठेवायला गेला, ती ठेवता आली नाही. चूक झाली. पण ओळीचा हुकूम होता, पुढे चल. पुढची ओळ काय? पडद्यावर लिहायचं, 'नोंद झाली'. मग तो लिहायचा 'नोंद झाली' आणि मोकळा व्हायचा. कुठे काही बिघडलं याचा ना आवाज, ना वास.

"म्हणजे सरासर थाप," मी म्हटलं.

"थाप मारनाऱ्याला म्हाईत तरी असतं," सुनंदा म्हणाली. "ह्याला म्हाईत पन नाय. चूक गप बसली ना विलास, की माणूस बोलणी खातो."

हे बोलताना तिने मांडीवरच्या फाइलवर तळहात दाबून धरला होता.

ती फाइल मी पाहिली ती आणखी वर्षभराने. ती चहाला खाली गेली होती, फाइल खुर्चीवरून घसरून पडली आणि मी उचलली. उघडली म्हणून मला लाज वाटत नाही. आत एकच कागद होता, आमच्याच दुकानाच्या लेटरहेडवर. 'सदर प्रोग्रॅममध्ये आजपर्यंत एकही चूक आढळलेली नाही. ज्या दिवसांची नोंद नाही, त्या दिवशी सदर कामगार गैरहजर होता असेच समजावे.' खाली मोहितेसरांची सही, आणि वर कामगाराचं नाव: भागा गायकवाड.

सुनंदा मागे येऊन उभी होती. मी कागद परत दिला. ती ओरडली नाही. जिन्यात बसून तिने मला सगळं सांगितलं.

भागा गायकवाड म्हणजे तिचे आबा. किन्हवलीहून सरळगावमार्गे बसने मुरबाडला जायचे, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात. नाव सांगत नाही, कारखाना अजून चालू आहे. पूर्वी गेटवर मुकादम नाव पुकारायचा, माणूस "हजर" म्हणायचा आणि वहीत टिंब पडायचं. मग मोहितेसरांचा प्रोग्रॅम आला. गेटवर एक मशीन, आत ऑफिसात दुसरं, आणि नोंदी ठेवायच्या त्या ऑफिसातल्या मशीनवर. सरांनी मॅनेजरला सांगितलं, आता वहीची गरज नाही. वही रद्दीत गेली, पुकारणंही गेलं. आबांना मात्र सवय. ते थांबायचे, क्लार्कने नंबर टाकला की मान वाकवून 'नोंद झाली' हे स्वतः वाचायचे आणि मगच आत जायचे.

वर्षअखेरीला कायम करायच्या कामगारांची यादी लागली. ठरलेले दिवस भरले त्यांची नावं होती. आबांचं नव्हतं. त्यांचे अकरा दिवस कमी भरले होते. आबा म्हणाले, मी एक दिवस घरी राहिलेलो नाही, मी रोज स्वतः वाचलंय. चौकशी झाली आणि त्या चौकशीत हा कागद आला. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणजे गायकवाड खोटं बोलतो. कामावरून काढलं. त्याहून वाईट म्हणजे कारखान्यातून गावात बातमी आली, की भागा डबा घेऊन निघायचा आणि भलतीकडेच जायचा. पंचावन्न वर्षांचा माणूस. त्याने पुढे दोन वर्षं गावातल्या कुठल्या लग्नात पंगतीला बसणंही सोडलं.

"तुला ठाऊक होतं हे दुकान कोणाचं?" मी विचारलं.

"म्हणून तर आले," सुनंदा म्हणाली. "कागद खोटा हाय हे दाखवायला पयले त्यांचं काम शिकायला नको?"

गायकवाड नावाची माणसं ढिगाने. सरांनी आबांना कधी पाहिलंही नव्हतं. ज्याची भाकरी त्यांच्या सहीने गेली, त्याच्या मुलीला ते रोज म्हणायचे, "सुनंदा, तुझं अक्षर फार छान." आणि ही म्हणायची, "थँक्यू सर." त्या थँक्यूचा सूर आठवला की मला आजही बरं वाटतं.

त्यानंतर प्रोग्रॅम लिहायची नवी भाषा आली. सुनंदाने कल्याणहून पुस्तक आणून, बसमध्ये वाचून वाचून ते फाडलं. एक दिवस ती येऊन म्हणाली, "विलास, टोपली मिळाली."

मला कळेना. तिने समजावलं ते असं. भाताची खाचरं एकाखाली एक असतात. पावसात वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, त्याच्याबरोबर मासेही उतरतात. प्रत्येक बांधावर माणूस उभा करता येत नाही. म्हणून सगळ्यात खालच्या मोरीला, म्हणजे बांधातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला, बांबूची टोपली लावायची. वर कुठेही निसटलेला मासा शेवटी तिथे सापडतोच. प्रोग्रॅममध्येही तसंच. पन्नास खिडक्या, दोनशे बटणं, चूक कुठे होईल सांगता येत नाही. जमेल तिथे ती जागेवरच धरायची. पण जी कुणीच धरली नाही, ती प्रोग्रॅम बंद पाडायच्या आधी एका शेवटच्या ठिकाणी येते, आणि नव्या भाषेत त्या ठिकाणी आपल्याला उभं राहता येत होतं. तिथे चूक कोणती, केव्हा झाली, कोणत्या खिडकीत, कोणतं बटण, सगळं लिहून घ्यायचं. बसलेल्या माणसाला खरं सांगायचं. आणि मग प्रोग्रॅम बंद करायचा.

"बंद कशाला?" मी विचारलं.

"पाय मोडलेल्या बैलाला नांगराला जुंपतोस का? आत काय मोडलंय ते म्हाईत नाय, तवा पुढं चालवायचा नाय."

तिची पहिली टोपली फसली, हेही सांगतो, नाहीतर तिलाच आवडणार नाही. भातसानगरच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तिने ती आधी लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरचा फोन आला, "ताई, लवकर या, पाट्यांचा पाऊस पडतोय." जाऊन बघतो तर स्क्रीनवर चूक सांगणाऱ्या पाटीवर पाटी, पाटीवर पाटी, आणि कंपाउंडर बिचारा बोट दुखेपर्यंत एंटर दाबतोय. झालं होतं असं, की सुनंदा चूक लिहून ठेवायची ती दुसऱ्या मशीनवर, आणि चूक होती तीच मुळी दुसऱ्या मशीनची तार निघाल्याची. चूक लिहिताना नवी चूक, ती लिहिताना आणखी नवी. तिने कपाळावर हात मारला. तिथेच बसून बदल केला: आधी आपल्याच मशीनवर साध्या फाइलीत लिहायचं, आणि एका वेळी एकच पाटी दाखवायची.

मग तिने डॉक्टरांकडून कोरा कागद मागितला आणि लिहिलं, 'आज आपल्या दवाखान्यात जो खोळंबा झाला, तो माझ्या चुकीमुळे झाला. कंपाउंडरचा दोष नाही.' खाली पूर्ण नाव, सही. डॉक्टर म्हणाले, अहो, कशाला एवढं? ती म्हणाली, "ठेवा. कुनाला लागतो असा कागद."

मोहितेसरांना हे कळलं तेव्हा ते तापले. "गिऱ्हाइकाला एरर दाखवायची नसते! इतकी वर्षं एक तक्रार नव्हती, आता रोज फोन. तू आल्यापासून चुका यायला लागल्या."

"आधी पन यायच्या सर," सुनंदा शांतपणे म्हणाली. "तुमी त्या पुरून टाकत व्हता."

सरांनी तिला काढलं नाही. काढून परवडणारं नव्हतं, नवी भाषा त्यांना येत नव्हती. उलट त्यांनी स्वतःच्या हाताने तिला ते काम दिलं, ज्यासाठी ती पाच वर्षं थांबली होती. मुरबाडच्या त्या कारखान्याचा हजेरीचा प्रोग्रॅम नव्या भाषेत आणायचा होता. नवा मॅनेजर आला होता, त्याला महिनाभर चाचणी हवी होती. सुनंदाने सरांचं काम जसंच्या तसं उतरवलं. फक्त त्या 'पुढे चल' ओळी काढल्या आणि शेवटच्या मोरीला टोपली लावली. महिनाभर आम्ही तिकडे फिरकलो नाही. वीज आपलं काम करत होती, म्हणजे जात होती. गेटवरच्या मशीनला इन्व्हर्टर होता, ऑफिसातल्या मशीनला नव्हता, आणि जनरेटर होता तो फक्त माल काढणाऱ्या यंत्रांना.

महिन्याने मीटिंग. मॅनेजर, कारखान्याचे दोघे साहेब, सर, आणि केबल धरायला मी. सरांनी सुरुवात केली, "आमच्या प्रोग्रॅमला..." तेवढ्यात सुनंदाने प्रिंटर चालू केला. सुईवाला प्रिंटर, सलग कागदाचा. टर्रटर्र करत तो चालू झाला आणि थांबेना. कागद टेबलावरून खाली उतरला, सरांच्या बुटांपर्यंत गेला. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, गेटची खिडकी, सेव्हचं बटण, आणि 'ऑफिसातले मशीन सापडत नाही, नोंद झालेली नाही'. एका महिन्यात वीज जितक्या सकाळी गेली, तितक्या सकाळी गेटवरची अख्खी रांग; प्रोग्रॅम बंद झाला की क्लार्क तो पुन्हा उघडायचा आणि पुढचा नंबर टाकायचा.

"ह्या नोंदी जुन्या प्रोग्रॅमनं गिळल्या असत्या," सुनंदा म्हणाली. "वर 'नोंद झाली' बोलला असता."

सर म्हणाले, आत्ता होत असेल, पूर्वी होत नव्हतं.

तिने पर्समधून दुसरी फाइल काढली. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन जनरेटरची वही ठेवायचा, वीज कधी गेली, कधी आली. त्या जुन्या वर्षाच्या पानांची झेरॉक्स तिने कशी मिळवली हे मला आजही ठाऊक नाही. अकरा तारखांना लाल टिकल्या होत्या. अकराही दिवशी पहिल्या पाळीच्या तोंडावर वीज गेलेली. आणि जुन्या मशीनवर बघितलं तर त्या अकरा सकाळी एकटा भागा गायकवाड नाही, वीज येईपर्यंत आत गेलेला प्रत्येक कामगार गैरहजर. बाकीचे अधूनमधून उशिरा येऊन वाचले होते, रोज रांगेत पुढे असणाऱ्या आबांचे मात्र अकराही दिवस गेले होते.

"मंजे त्या दिवशी कारखाना भुतांनी चालवला," सुनंदा म्हणाली. "माल तर बाहेर पडला व्हता."

मॅनेजर हसला नाही. गायकवाड हेच नाव त्याने सरांना दोनदा विचारलं. सरांनी सुनंदाकडे पाहिलं, आणि तिने मांडीवरची निळी फाइल पहिल्यांदा टेबलावर ठेवली. पायाखालची वाळू सरकणं मी ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "चूक प्रोग्रॅमची होती असं मी आजच्या आज लिहून देतो. तुला भागीदार करतो. पण हे प्रिंट दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे जायला नको."

"भागीदार नको. लिवा, आनि किन्हवलीला येऊन वाचा. आमच्या दारात. शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं."

"आणि मग ते प्रिंट?"

"आधी वाचा," ती म्हणाली.

रविवारी दुपारी सर एसटीने किन्हवलीला आले. मी आधीच गेलो होतो. सुनंदाचं घर रस्त्याला लागून, पुढे सारवलेली ओटी. शेजारपाजारची वीसेक माणसं जमली होती, कुणी बोलावलं नव्हतं असं दाखवत. आबा खाटेवर बसले होते, धुतलेला सदरा, वरपर्यंत बटणं लावलेली. "जय भीम. बसा सायेब," ते म्हणाले. "सुनंदे, पानी दे." सुनंदाने पाणी दिलं. चहा ठेवला नाही.

सरांनी कागद वाचला. प्रोग्रॅमची चूक, माझी चूक, खाली दिलेल्या तारखांना भागा गायकवाड कामावर होते. भराभर वाचून ते घडी घालायला लागले.

"तारखा वाचा," आबा म्हणाले.

"त्या खाली आहेत, अकरा."

"एक एक वाचा."

सरांनी पहिली तारीख वाचली. जुलैतली होती. आबा खाटेवरून उठले, पाय जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

सरांनी दुसरी वाचली. "हजर." तिसरी वाचताना सरांचा आवाज बसला, तर सुनंदा म्हणाली, "मोठ्यानं सर, मागं ऐकू येत नाय." चौथी, पाचवी. शेजारची एक म्हातारी तोंडाला पदर लावून उभी होती. पूर्वी हीच आबांबद्दल पाणवठ्यावर बोलायची. अकरावा 'हजर'ही पूर्ण आला. मग ते खाली बसले, आणि सुनंदाने सरांच्या हातातला कागद घेतला.

सरांनी सुनंदापुढे हात केला. "आता ते प्रिंट दे."

"काल पोस्टात टाकलं. बाकीच्या सातांना. झेरॉक्स हाय, देऊ?"

"तू शब्द दिला होतास!"

"मी 'आधी वाचा' बोल्ले. एवढंच बोल्ले."

सर आबांकडे वळले. गरीब, समजूतदार म्हातारा, तो तरी न्याय करील असं त्यांना वाटलं असावं. "आबा, तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?"

"सायेब," आबा म्हणाले, "त्या सात ठिकानी पन कुनाकुनाची नावं पुकारायची राहिली असतील. गाडीचा टाइम झाला तुमचा."

आम्ही दोघं एकाच बसने परतलो, मी आणि सर, दोन बाकांचं अंतर ठेवून. पुढच्या महिन्यात मी ते दुकान सोडलं. सुनंदाने तर त्या रविवारीच सोडलं होतं. नंतर ती मला दोन-चार वेळा भेटली, पण सुनंदा म्हटलं की मला त्या बसच्या खिडकीतून दिसली तीच आठवते. बस सुटली आणि त्यांच्या दारासमोरून गेली. ओटीवरची माणसं पांगली होती. सर दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले होते. मी बघितलं. सुनंदा अंगणात उभी राहून सरांचा कागद दोन्ही हातांत धरून पुन्हा वाचत होती. आवाज येत नव्हता. तिचे ओठ हलले की समोर आबा उठून उभे राहायचे, काहीतरी म्हणायचे, बसायचे. ती पुढचं वाचायची. ते पुन्हा उठायचे. बस वळेपर्यंत ते चार वेळा उठले.